आतली बाजू उन्हाला

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रोज दुपारी साडेअकराच्या सुमाराला एक अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ येतात आणि दोरीवर वाळत घातलेल्या पुरुषांच्या चड्ड्या एकेक करून उलट्या करतात. फक्त स्वतःच्या नव्हे, सगळ्यांच्या. पहिल्या मजल्यावरच्या वकिलांच्या, माझ्या, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तिघा इंजिनियरांच्या. आतली शिवण बाहेर, बाहेरचा रंग आत, वर दोन चिमटे. बायकांच्या दोरीकडे ते पाहतही नाहीत. काम झालं की कमरेवर हात ठेवून सगळ्या रांगेकडे एकदा नजर टाकतात, पाणी भरून झालेल्या वाफ्यांकडे शेतकऱ्याने बघावं तशी, आणि खाली उतरतात.

हे भामरे अण्णा. राहायला माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये, एकटेच. मूळचे नामपूरचे, पण चाळीस वर्षं नाशकात. त्यामुळे बोलणं अर्धं नाशिकचं, अर्धं नामपूरचं. त्यांच्या तोंडी 'आहे' कधी 'आहे' असतं, कधी 'शे'. कुठलं कधी येईल ते त्यांनाही सांगता येत नाही. एका कंपनीची कामगारांची बस त्यांनी एकोणतीस वर्षं सातपूरला ने-आण केली.

एकदा वकिलांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढलाच.

"भामरे, तुम्ही लोकांच्या कपड्यांना हात लावता. हे बरं दिसतं का?"

"नाय दिसत," अण्णा म्हणाले.

"मग?"

"बरं दिसावं म्हणून करत नाय. बुरशी आतल्या बाजूला ऱ्हाते. ऊन तुम्ही बाहेरच्या बाजूला देता. मग उपयोग काय?" मग अण्णा काळजीने म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची निळी आज चारलाही दमट लागत होती. ती घालू नका."

त्यानंतर मीटिंग पुढे चालणं शक्य नव्हतं. सेक्रेटरींनी 'सदर विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले' असं लिहून टाकलं. त्यानंतर बऱ्याच सभा झाल्या, विषय कोणी काढला नाही. वकील हल्ली चड्डी घरूनच उलटी करून आणतात.

अण्णा कुणालाही 'काय, कसं काय' विचारत नाहीत. ते विचारतात, "कोरडं शे का?" नवीन माणसाला वाटतं, शेतीपाण्याचं विचारतायत. एका कुरियरवाल्याने आकाशाकडे बघून "हो काका, आज काही येणार नाही" असं सांगितलं होतं. अण्णांनी त्याला जिन्यात बसवून दहा मिनिटं समजावलं. तो सही घ्यायची विसरून गेला.

त्यांचा पायजमा शिंपी खास वेगळ्या मापाने शिवतो. त्यात दोन अण्णा सहज मावतील. "वारा फिरला पाहिजे," हे त्यांचं त्यामागचं शास्त्र. जीन्सला ते गोणपाट म्हणतात. पावडरवर त्यांचा विश्वास नाही, "घामात कालवली की चिखल." खिशात दोन रुमाल असतात. चौकड्यांचा तोंडाला. पांढरा कशाला, ते कोणी विचारत नाही.

आम्ही चार वर्षांपूर्वी इथे राहायला आलो, तेव्हा गृहप्रवेशाला अण्णांनी सोनेरी कागदात बांधलेला खोका आणला. अश्विनीने, म्हणजे माझ्या बायकोने, तो कौतुकाने सासू आणि आई दोघींच्या देखत उघडला. आत सहा सुती, सैल, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या होत्या आणि एक चिठ्ठी: 'रोज बदलणे. वाळल्याशिवाय घालू नये.' दोघींनी चिठ्ठी आळीपाळीने वाचली. मग माझ्या सासूबाई म्हणाल्या, "कापड चांगलं आहे."

तर या माणसाला मी तीन वर्षं मनसोक्त हसलो. चौथ्या वर्षी माझ्यावर वेळ आली.

मी द्राक्षांच्या औषधांचा सेल्समन आहे. मोटरसायकलवर दिंडोरीकडच्या बागा फिरायच्या, पानं उलटून बघायची, कुठे भुरी आहे, कुठे डावणी आहे ते सांगायचं आणि औषध सुचवायचं. भुरी आणि डावणी दोन्ही बुरशीच. थोडक्यात, बुरशी ओळखणं हा माझा धंदा. गेल्या पावसाळ्यात दिवसभर रेनसूट घालून फिरत होतो. बाहेरून पाणी आत येत नव्हतं आणि आतला घाम बाहेर जात नव्हता. जुलैच्या मध्याला जांघेत खाज सुटली. वाटलं, घामोळं असेल.

तसं नव्हतं. ती खाज वेळ बघायची नाही, माणसं बघायची नाही. बागाईतदार समोर उभा राहून डोसाचं विचारतोय आणि मला जगात एकच गोष्ट करायची आहे, अशी अवस्था. मग मी खिशात हात घालून बोलायला लागलो. खिशात हात घालून बोलणारा माणूस आत्मविश्वासू वाटतो, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. त्या दोन महिन्यांत मी फार आत्मविश्वासू दिसत होतो.

शेवटी एका मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर दोन बायका होत्या, म्हणून टूथपेस्ट घेतली. त्या गेल्या तर एक आजी आल्या, म्हणून खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. आजी गेल्यावर मी पुढे वाकलो. मी तोंड उघडायच्या आत दुकानदाराने मोबाइलवरची नजर न काढता विचारलं, "खाज का?" आणि एक ट्यूब सरकवली.

ट्यूबने जादू केली. दोन दिवसांत खाज गेली, चौथ्या दिवशी लालीही गेली. मी ट्यूब बंद केली. आठवड्याने खाज परत आली आणि या वेळी हातपाय पसरून आली. पहिल्यांदा तालुक्याएवढी होती, आता जिल्हा झाला. दुसरी ट्यूब आणली. मग तिसरी, वेगळ्या दुकानातून, कारण पहिला दुकानदार आता मला बघितलं की ड्रॉवर उघडायचा.

अश्विनीला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? सोळा वर्षांचा संसार, पण ह्या विषयाला आमच्यात शब्दच नव्हता. मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागलो. आधी म्हणालो, आत उकडतं. ऑगस्टमध्ये ते पटेना, म्हणून म्हणालो, मी घोरतो, तुझी झोपमोड होते. ती म्हणाली, "बरं." एवढंच. मला वाटलं, सुटलो.

पकडलं अण्णांनी. मी बॅग घेऊन जिना चढत होतो, ते वरून उतरत होते.

"थांब रे संदीप. तुझा पाय बाजूला पडतो."

"कुठे काय, अण्णा. गुडघा दुखतोय."

"गुडघा दुखला की माणूस लंगडतो. तू फाकतो. गाडी एका अंगाला ओढायला लागली की ड्रायव्हरले कळतं. कधीपासून शे?"

"काय कधीपासून?"

"खाज," अण्णा नेहमीच्या आवाजात म्हणाले. मागे वकिलांचं दार उघडं होतं.

मी त्यांना दंडाला धरून घरात नेलं. अश्विनी बालवाडीत शिकवते, ती अजून आली नव्हती. अण्णांनी ट्यूबा मागितल्या. मी बॅगेच्या आतल्या चोरकप्प्यातून तीन ट्यूबा काढून टेबलावर ठेवल्या. अण्णा समोर जाऊन आपलं भिंग घेऊन आले. खिडकीपाशी उभे राहून तिन्ही ट्यूबांवरची बारीक अक्षरं त्यांनी वाचली. पाच मिनिटं तरी लागली असतील. मग खुर्चीवर बसले.

"तू बागेत जातो. डावणी दिसली तर शेतकऱ्याले काय सांगतो?"

"पूर्ण डोस घ्या. पूर्ण फवारण्या करा."

"आणि पान जरा हिरवं दिसलं म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी पंप उचलून ठेवला तर?"

"परत येते. जास्त येते."

"आता समज, औषधात कोणी हिरवा रंग कालवून दिला. पानं मस्त हिरवी दिसली. खाली डावणी चालूच. तर?"

मी टेबलावरच्या ट्यूबांकडे बघितलं.

"ह्या तिन्हीत तो रंग शे. स्टेरॉईड म्हणतात त्याले. लाली दाबतं, खाज दाबतं. माणूस खूश, बुरशीबी खूश. तीन-चार औषधांची खिचडी करून देतात, आणि आपण लाजेनं घेतो." त्यांनी ट्यूबा चौकड्यांच्या रुमालात गुंडाळल्या. "ह्या मी नेतो. उद्या चार वाजता डॉक्टरणीकडे."

"डॉक्टरीण? अण्णा, एखादा पुरुष डॉक्टर नाही का?"

"आहेत ना. पण ही रागावते. ह्या रोगाले रागावणारा डॉक्टर लागतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मी 'एकटा जातो' म्हणून पाहिलं, पण अण्णा धुतलेला शर्ट घालून गेटवर उभे होते. त्वचारोगाचा दवाखाना. बसायच्या जागेत सात-आठ पुरुष, प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी. कुणाच्या पेपर, कुणाच्या बॅग, एकाच्या मांडीवर हेल्मेट. सगळे समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर केस गळण्याचं पोस्टर होतं, आणि जो तो आपण केसांसाठीच आलोय असा चेहरा करून बसला होता.

अण्णा हेल्मेटवाल्याशेजारी बसले. तो पंचविशीचा, घट्ट जीन्समधला.

"कोरडं शे का?"

"काय काका?"

अण्णांनी जीन्सकडे बोट दाखवलं. "दिवसभर ह्यातच? दुचाकीवर?"

तो आधी लाल झाला. मग आजूबाजूला बघून म्हणाला, "बारा तास. डिलिव्हरीचं काम आहे."

"किती ट्यूबा झाल्या?"

"पाच."

"माझ्या सात," पेपरमागून कोणीतरी म्हणालं. पेपर खाली आला. चांगले पन्नाशीचे, टाय लावलेले गृहस्थ होते. तिसऱ्याने सांगितलं, की त्याने कोणाच्या तरी सल्ल्याने लिंबू लावलं होतं. सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. "मग?" असं कोणीतरी विचारलं, तर तो म्हणाला, "मग काही नाही. सोसायटीभर पळालो." पंधरा मिनिटांत तिथे गणपती मंडळाच्या बैठकीसारखा कालवा सुरू झाला. आत बसलेली रिसेप्शनची मुलगी बाहेर डोकावली.

"काका, जरा हळू बोला ना."

"हळू बोलूनच तुझ्याकडे एवढी गर्दी झाली, बेटा," अण्णा म्हणाले.

माझा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, मोजून अर्धं मिनिट. मी छताकडे बघत होतो. पंखा कुठल्या कंपनीचा आहे ते अजून आठवतं.

"बुरशी आहे. किती ट्यूबा?"

"तीन."

"तुम्ही भामरेकाकांबरोबर आलात ना? मग तीन कशा?"

"त्यांना सांगितलं नव्हतं."

"सगळे हेच करतात," त्या खरोखरच रागावून म्हणाल्या. गोळ्या लिहिल्या, साधं मलम लिहिलं. बरं वाटलं तरी त्या सांगेपर्यंत काहीही बंद करायचं नाही, टॉवेल वेगळा ठेवायचा, कपडे सैल आणि खडखडीत वाळलेले घालायचे, असं बजावलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "घरात अजून कुणाला आहे?"

"नाही."

"विचारलंत?"

मी पुन्हा पंख्याकडे बघितलं.

"विचारा. एकाला बरं करून उपयोग नसतो. दुसऱ्याकडून परत येतं."

बाहेर पडल्यावर अण्णांनी मला उसाच्या रसाच्या गाडीवर नेलं. दोन ग्लास घेतले. मला फार हलकं वाटत होतं, मी लिंबूवाल्याची नक्कल करून दाखवली. अण्णा हसले, पण अर्धवट.

"डॉक्टरणीनं घरचं विचारलं असंल."

"विचारलं."

"अश्विनीले सांगितलं का तू?"

"आता काय सांगायचं, अण्णा? महिन्या-दोन महिन्यांत बरं होईल. मग सांगीन हसत हसत."

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. रस अर्धा तसाच होता.

"माले चार वर्षं होतं," ते म्हणाले. "बसमध्ये इंजिनशेजारी. खालून भट्टी, वरून खाकी पँट. कोणाले सांगणार? तुझ्यासारख्याच ट्यूबा. घरात झोपायचं तर भीती वाटे, लीलाले दिसलं तर ती काय म्हणंल. म्हणून गॅलरीत अंथरूण टाकलं. सांगितलं तिले, माझी पहाटेची ड्युटी, तुझी झोप मोडायला नको. ती बरं म्हणाली."

लीलाकाकूंना मी फोटोतच पाहिलं आहे. आम्ही राहायला आलो त्याच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या.

"मग एक दिवस बसमध्ये साठ माणसं, आणि अशी आग उठली की मी गाडी बाजूला घेतली आणि उतरून झाडामागे उभा राहिलो. एक वेल्डर मागून आला. म्हणे, भामरे, माले पण झालं होतं, चल. त्यानं मला ह्याच बाईकडे आणलं. तेव्हा ती नवीन होती, पण रागवायची अशीच. तिनं विचारलं, घरात कुणाले? मी म्हटलं, नाय. ती म्हणे, उद्या बायकोले घेऊन या."

"मग?"

"लीलाले खोटंच सांगितलं. माझी ॲलर्जी शे, दोघांले तपासणार. ती आत गेली. मी बाहेर. लय वेळ झाला. मग मला आत बोलावलं." अण्णांनी स्वतःच्या कमरेभोवती बोट फिरवलं. "इथं, परकराची नाडी बांधतात ना, तिथं पूर्ण वेढा. काळा पडलेला. तीन वर्षं झाली होती तिले. माझ्याकडूनच लागलेलं. आणि तिले काय वाटत होतं माहीत शे? तिले वाटे, तिलेच काही घाण रोग झाला, आणि ते कळलं म्हणून मी बाहेर झोपाले गेलो."

मीही ग्लास खाली ठेवला.

"माझे कपडे ती वेगळे धुवायची रे. तीन वर्षं. मी म्हणायचो, काबरं दोनदा दोनदा धुणं करतेस? तर म्हणे, तुमच्या कपड्यांचा रंग जातो. ते तसं नव्हतं. तिचं मला लागू नये म्हणून."

रसवाल्याने घुंगरू वाजवत चरक फिरवला. अण्णा थांबले.

"एक आत, एक गॅलरीत. दोघंबी गुपचूप खाजवतोय, एकमेकांले कळू नये म्हणून. रिक्षात बसलो तर ती हसायलाच लागली. तोंडाले पदर लावून. मग मीबी. रिक्षावाला आरशात बघे. दोन महिन्यांत खणखणीत बरे झालो दोघं. एवढंच होतं ते. दोन महिन्यांचं काम."

"चांगलं झालं ना मग," मी म्हणालो.

"झालं. मी आत झोपाले लागलो. त्यानंतर ती सहा वर्षं राहिली, मग हार्टचं निघालं." त्यांनी ग्लास उचलला, न पिता परत ठेवला. "सहाच्या जागी दहा असती. आधीची चार मी गॅलरीत घालवली."

आम्ही रिक्षाने घरी आलो. सहा वाजले असतील. गेटजवळच्या बाकावर अण्णा बसले आणि मला म्हणाले, "तू जा वर. मी बसतो."

अश्विनी स्वयंपाकघरात गवार मोडत होती. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. खाज, ट्यूबा, सोफा. सांगायला फार तर तीन मिनिटं लागली. ती गवार मोडायची थांबली होती.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मला वाटलं..." ती म्हणाली, आणि काय वाटलं ते बोलली नाही. चार-पाच शेंगा मोडल्या. "ताईला फोन करून रडले मी परवा. तिला म्हटलं, सोळा वर्षांनी ह्यांना माझ्याजवळ झोपवत नाही, काय झालं असेल?"

मी पुष्कळ काही बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "डॉक्टरांनी तुलाही बघून घ्यायला सांगितलंय."

"मला काही नाही. पण बघते." ती उठली, हात धुतले, हॉलमध्ये गेली आणि सोफ्यावरची माझी उशी उचलून आतल्या खोलीत टाकून आली. मग खिडकीतून खाली बघत म्हणाली, "अण्णा अजून तिथेच बसलेत. जेवायलाच बोलवा त्यांना. आज आपल्याकडेच."

मी खिडकीतून हाक मारली. अण्णांनी वर बघितलं.

"अण्णा, वर या. जेवायला इथेच."

"सांगितलं का?" त्यांनी खालूनच विचारलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

मी मागे वळून बघितलं. अश्विनी तिथेच उभी होती. "उशी आत नेली," मी सांगितलं.

अण्णांनी मान हलवली. उठल्यासारखे झाले, चपला पायात सरकवल्या, आणि पुन्हा बाकावर बसले.

"येतो मी," ते म्हणाले. "पण अर्ध्या तासाने. तुम्ही दोघं बसा आधी."